नवव्या पिंजऱ्याचं पाणी

समजा, तुमच्या हातात एक उंदीर द्यायचा आहे. पांढरा, तीनशे ग्रॅमचा, लाल डोळ्यांचा. शेपटीला धरायचं नाही. तळहात त्याच्या पाठीवरून हळू पुढे सरकवायचा, अंगठा एका काखेखाली, बाकीची बोटं दुसऱ्या बाजूने छातीखाली. दाबायचं नाही, सोडायचंही नाही. त्याच्या छातीत काहीतरी फडफडतं आहे ते तुम्हाला बोटांना कळेल. ते मोजायला जाऊ नका, जमणार नाही. त्याला काट्यावरच्या डब्यात ठेवा, आकडा थांबेपर्यंत थांबा, रजिस्टरात लिहा. मग पुढचा उंदीर. असे छत्तीस. प्रत्येकाकडे नीट बघायचं, पण लिहायचं मात्र रकान्यात मावेल तेवढंच. रकाने चार: वजन, खाणं, पाणी आणि शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात अरुंद.

हे काम मामा एकतीस वर्षं करत आले होते. त्यांना उंदीर कधी चावला नाही. संस्थेत नवं कुणी आलं की उंदीर धरायला शिकवायला त्यांच्याकडे पाठवत. मलाही पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी माझ्या हातमोज्यातून दात आत गेला, तेव्हा ते रक्त पुसायला कापूस देत म्हणाले, "त्याची काही चूक नाही. तुझा हात घाबरला होता. घाबरलेल्या हाताला काहीही चावतं."

मामांना सख्खा भाचा एकही नव्हता. त्यांनी लग्न केलं नाही, आणि त्यांच्या एकुलत्या एक बहिणीला मूलबाळ झालं नाही. फार पूर्वी कुणीतरी विद्यार्थ्याने हाक मारली आणि तेव्हापासून सगळी संस्था त्यांना मामा म्हणू लागली. "बरंच झालं," ते म्हणायचे, "आता कुणाला मला मामा बनवायचे वेगळे कष्ट नकोत."

संस्थेच्या तळघरात त्यांचा उंदीरखाना. दारावर 'प्राणिगृह' अशी पाटी आहे, पण तसं कुणी म्हणत नाही. तिसऱ्या मजल्यावर माझी खोली. तिथे मी मूत्रपिंडाच्या पेशी प्लास्टिकच्या ताटल्यांत वाढवते आणि नवी औषधं त्यांच्यावर टाकून बघते. रस्त्यापलीकडे रुग्णालय. तिथे शेवटी तेच औषध माणसांना देऊन बघतात. म्हणजे औषध आधी वर, मग तळघरात, मग रस्ता ओलांडून पलीकडे.

रोज सकाळी मामा मला जिन्यात गाठायचे.

"काय ताटलीबाई, आज काय मेलं?"

"काही नाही मामा, सगळ्या पेशी ठणठणीत."

"असणारच. उबेला पेटी, प्यायला गुलाबी सरबत. ना भूक, ना तहान, ना शेजारी. मलाही ठेव एका ताटलीत."

मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, ताटली असताना उंदीर हवाच कशाला? ताटलीत एका दिवसात शंभर मात्रा तपासून होतात, कुणाला दुखत नाही, आणि पेशीच्या आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. मी एकदा मामांना तसं म्हणालेही. ते पिंजऱ्यातला भुसा बदलत होते. हात न थांबवता त्यांनी मला एका जुन्या औषधाची गोष्ट सांगितली. ताटलीत ते औषध म्हणजे गुणाचं पोर. तळघरात आलं आणि तिसऱ्या दिवशी उंदरांना झटके यायला लागले. फाइल तिथेच बंद झाली.

"ताटलीला मेंदू नसतो गं," मामा म्हणाले. "त्या दिवशी किती माणसं वाचली ते कुणाला माहीत नाही. जे झालंच नाही त्याचा रकाना नसतो."

"मग उंदीरच खरा म्हणायचा."

"छे. त्याच्याही आधी एक औषध होतं. आमच्या उंदरांची सूज दोन दिवसांत उतरायची. माणसांना दिलं तर ढिम्म. उंदीर खोटं बोलत नाही. पण तो बोलतो ते स्वतःबद्दल."

"शितावरून भाताची परीक्षा करायची, दुसरं काय."

"करायची. पण शीत त्याच भांड्यातलं पाहिजे."

असं सगळं ज्यांना कळत होतं, त्यांच्याच हातून पुढचं घडलं. म्हणून ते लिहून ठेवते आहे.

*

मामा संस्थेशेजारीच त्यांच्या बहिणीबरोबर राहायचे. ती त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी, आणि आईवडील लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलेलं. आम्ही सगळे तिला आक्काच म्हणायचो. घराच्या खालच्या खोलीत आक्कांचं इस्त्रीचं दुकान होतं. माझे पांढरे डगले तिथेच जायचे. आठ फूट बाय दहा फूट खोली, दोन इस्त्र्या, वाफेचा एक नळ आणि छताखाली एक पंखा, जो आक्का कपडे उडतात म्हणून बंद ठेवायच्या. दुपारी त्या खोलीत उभं राहिलं की चष्म्यावर वाफ धरायची. दुकानाला संडास नव्हता, आणि वर घरात जायचं तर अठरा पायऱ्या. आक्कांचे गुडघे आणि बोटांचे सांधे सुजलेले. म्हणून त्यांनी त्यांचा मार्ग काढला होता: सकाळी कपभर चहा, आणि मग दुकान बंद करेपर्यंत पाण्याचा घोट नाही.

"पाणी प्यायलं की वर जावं लागतं," त्या म्हणायच्या. "न प्यायलेलं बरं."

औषधाचं नाव अजून ठरलेलं नव्हतं. फाइलीवर नुसता आकडा होता, सातशे चाळीस. सांध्यांची सूज उतरवणारं. तीन वर्षांपूर्वी ते माझ्या ताटल्यांतून गेलं. माझं ते पहिलंच काम होतं. पेशी ठणठणीत. मग मामांच्या तळघरातून गेलं: छत्तीस उंदीर, अठ्ठावीस दिवस, मूत्रपिंडं स्वच्छ. मग रुग्णालयाने वीस धडधाकट तरुणांना आठवडाभर ठेवून घेऊन दिलं. त्यांनाही काही झालं नाही. आता खऱ्या रुग्णांची पाळी होती आणि रुग्णालयाने सांधेदुखीचे रुग्ण बोलावले होते.

"एकतीस वर्षं उंदरांची बाळंतपणं केलीस," आक्का भावाला म्हणाल्या, "बहिणीला एक औषध आणता येत नाही तुला."

मामा त्यांना घेऊन रस्त्यापलीकडे गेले. मीही बरोबर होते, कारण कागदावरची अवघड वाक्यं समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण आणि सावकाश बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं की निम्म्या रुग्णांना औषध मिळेल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची गोळी. कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही कळणार नाही आणि त्यांनाही नाही. कळलं की रुग्णाला उगीच बरं वाटायला लागतं आणि डॉक्टरला सूज उतरलेली दिसायला लागते.

"म्हणजे पीठ खाऊन मला बरं वाटलं तर मी वेडी?" आक्कांनी विचारलं.

"नाही आजी. म्हणूनच तर कुणालाच सांगत नाही."

"आजी कुणाची गं? मला आक्का म्हण."

मामांनी तोवर गोळ्यांच्या डबीवरचा आकडा वाचला होता. सातशे चाळीस. त्यांचा चेहरा उजळला. कागदाच्या चौथ्या पानावर धोक्यांची यादी होती: पोटदुखी, डोकेदुखी, झोप येणं. तिच्याखाली एक ओळ: मूत्रपिंडांवर प्राण्यांमध्ये कोणताही परिणाम आढळला नाही. मामांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आक्का, हे बघ. हे आमचं. मी स्वतः बघितलेले उंदीर आहेत. डोळे मिटून घे."

शेवटच्या पानावर साक्षीदाराची सही हवी होती. ती मामांनीच केली. आक्का म्हणाल्या, "उंदराला मांजर साक्ष," आणि डॉक्टरीणबाईंनाही हसू आलं.

दुसऱ्या आठवड्यात रक्त तपासलं. सगळं ठीक होतं. पुढची तपासणी थेट बाराव्या आठवड्यात. मध्ये काही नाही, कारण प्राण्यांमध्ये काही आढळलंच नव्हतं.

*

सहाव्या आठवड्यात एका दुपारी मामा जेवायला घरी गेले. दुकानाचं दार उघडं होतं. आक्का टेबलामागे कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. तोंड भिंतीकडे, पाठीची कमान झालेली, दोन्ही हात छातीशी दुमडून घेतलेले. इस्त्री उभी करून ठेवलेली, तापलेली. मामांनी हाक मारली तेव्हा त्यांनी मान वळवली, पण जरा उशिराने.

"काही नाही रे बारक्या. मळमळतंय. उन्हाळा फार आहे."

मामा जेवले नाहीत. ते तसेच परत आले आणि तळघरात न जाता तीन जिने चढून माझ्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. इतक्या वर्षांत ते वर आलेले मी पाहिले नव्हते.

"सातशे चाळीसचं रजिस्टर कुठे असतं गं?"

"खाली दप्तरखान्यात. कशाला?"

"आण."

मी रजिस्टर आणलं. मामांनी पानं उलटली नाहीत. दहाव्या दिवसाचं पान त्यांना पाठ असल्यासारखं एकदम उघडलं. बारा पिंजरे, प्रत्येकात तीन उंदीर. एक ते चार पिंजऱ्यांना नुसतं पाणी पाजलेलं, पाच ते आठला औषधाची लहान मात्रा, नऊ ते बाराला मोठी.

"पाण्याचा रकाना वाच," ते म्हणाले.

मी वाचला. दहाव्या दिवसापासून पहिल्या आठ पिंजऱ्यांचं पाणी वाढलेलं. एका उंदरामागे रोजचे तीस मिलिलिटर, ते चाळीसवर गेलेलं. नऊ ते बारामध्ये उलटं. तीसवरून वीसवर आलेलं, नवव्यात तर अठरावर. एकोणिसाव्या दिवसापासून पुन्हा सगळे सारखे. शेऱ्याच्या अरुंद रकान्यात आमच्या सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: गळक्या बाटल्या बदलल्या.

"बाटल्या गळत नव्हत्या," मामा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्या नऊ दिवसांत तळघरातलं थंड हवेचं यंत्र बंद पडलं होतं. खोली तापली. सगळे उंदीर जास्त पाणी प्यायला लागले, फक्त शेवटच्या चार पिंजऱ्यांतले उंदीर प्यायला उठेनात. नवव्या पिंजऱ्यातला एक तर कोपऱ्यात तोंड खुपसून, पाठीची कमान करून, पुढचे पाय छातीशी ओढून बसला. केस उभे राहिलेले, डोळ्यांभोवती लालसर कड.

"मी काय केलं असेन?" मामा म्हणाले. "लहानपणी मला ताप आला की आक्का पाव भिजवून भरवायची. बोटाने. मी खाण्याच्या कांड्या पाण्यात भिजवल्या, लगदा केला, आणि झाकणात घालून त्यांच्या तोंडाशी ठेवला. दिवसातून तीनदा. चारही पिंजऱ्यांना. खाल्लं त्यांनी. दोन दिवसांत पाठ सरळ झाली सगळ्यांची. यंत्र दुरुस्त झालं आणि मी थांबलो."

"आणि लिहिलं नाहीत."

"कुठे लिहू? पाण्याच्या रकान्यात बाटलीचं पाणी लिहायचं असतं."

माझ्या डोक्यात एकामागून एक दारं बंद होत होती. माझ्या पेशी रात्रंदिवस गुलाबी पाण्यात बुडालेल्या; त्यांना तहान कशी लागणार? वीस धडधाकट तरुण थंड खोलीत झोपवलेले, दर दोन तासांनी परिचारिका पेला हातात देणार. आणि मध्ये हे उंदीर. तीन ठिकाणी तपासलेलं औषध, आणि तिन्ही ठिकाणी पाणी. कोरड्या पडलेल्या अंगावर सातशे चाळीस काय करतं, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. यंत्र बिघडलं म्हणून तो नऊ दिवस आपोआप विचारला गेला होता, आणि मामांनी त्याचं उत्तर पाव भिजवावा तसं भिजवून टाकलं होतं.

"आज आक्का तशीच बसली होती," मामा म्हणाले. "अगदी तशीच."

मामांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. रजिस्टर खोटं ठरलं तर एकतीस वर्षं मातीत जाणार हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. मी म्हटलं, "सरांना काय सांगायचं?"

"आधी आक्का. मग मी."

*

आक्का यायला तयार नव्हत्या. "रुग्णालयाच्याच चादरी आहेत इस्त्रीला. चार वाजता न्यायला येतील. त्यांना काय सांगू, तुमच्याकडेच निजायला आलेय म्हणून?" आम्ही इस्त्री बंद केली. नुसता रस्ता ओलांडतानाच त्या दोनदा थांबल्या. त्यांच्या घोट्यांवर सूज होती; बोट दाबलं की खळगा राहत होता. मामा खाली बघत चालले होते. माणसांच्या घोट्यांकडे ते बहुधा पहिल्यांदाच इतक्या लक्षपूर्वक बघत होते.

संध्याकाळी रक्ताचा आकडा आला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट गाळत नसली की रक्तात साठणारा कचरा, तीन पूर्णांक सहा. चार आठवड्यांपूर्वी ते एकच्या आत होतं. डॉक्टरीणबाईंनी तो कागद दोनदा वाचला.

"गोळी आजपासून बंद. सलाइन लावू." मग त्यांनी विचारलं, "आक्का, याशिवाय दुसरं काही घेत होता? औषधाच्या दुकानातून वगैरे?"

आक्कांनी ताकास तूर लागू दिली नाही. डॉक्टरीणबाई तशाच बसून राहिल्या. शेवटी आक्का म्हणाल्या, "दोन घ्यायचे रोज. दुखण्याच्या."

"अगं, पण घ्यायच्या नाहीत म्हणून कागदावर लिहिलं होतं," मामा म्हणाले.

"सांधे तसेच ठणकत होते. मला वाटलं, माझ्या वाट्याला पीठ आलं. पीठ खाऊन कुणाचा गुडघा बरा झालाय?"

बाहेर गाडीचं चाक कुरकुरत गेलं. दुखण्याच्या त्या साध्या गोळ्याही कोरड्या अंगात मूत्रपिंडाला बाधतात हे डॉक्टरीणबाईंना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मामा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते.

"तिला काय होतं?" त्यांनी विचारलं. "औषध की पीठ?"

"मला माहीत नाही मामा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुणाला काय दिलं ते लिहिलेलं पाकीट फोडता येतं ना?"

"उपचार बदलणार असेल तर फोडता येतं. इथे काहीही निघालं तरी मी हेच करणार आहे. गोळी बंद, सलाइन, लघवी मोजणं. मग फोडायचा अधिकार मला नाही. सगळे रुग्ण पूर्ण होईपर्यंत ते बंदच राहतं."

मामांनी मान डोलावली. नियम कशासाठी असतो ते त्यांना इतर कुणाहून जास्त कळत होतं. नियम मोडल्यावर काय होतं तेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सरांच्या खोलीत गेले. मला त्यांनी दारात उभं राहायला सांगितलं; का ते सांगितलं नाही. सर आमच्या संस्थेचे प्रमुख, मितभाषी माणूस, आकड्याशिवाय बोलत नाहीत. मामांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, लगद्यापासून आक्कांच्या घोट्यापर्यंत. सरांनी रजिस्टर मागवलं, पाण्याचा रकाना वाचला आणि मग स्वतःच्या अक्षरातल्या त्या शेऱ्यावर बराच वेळ थांबले.

"किती दिवस?"

"नऊ."

"किती उंदीर?"

"बारा."

"मामा, तुम्ही बारा उंदीर वाचवलेत," सर म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. रजिस्टर मिटताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि बाटल्या गळत होत्या असं मी कुणाला न विचारता लिहिलं. यंत्र बंद होतं हे मला माहीत होतं. उकाड्यात पाणी कमी का झालं, हे मी विचारायला हवं होतं."

"माझ्या नोकरीचं काय ते तुम्ही ठरवा," मामा म्हणाले. "पण आधी त्या लोकांना सांगा."

ते लोक म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी रुग्ण. सरांनी त्याच दुपारी पत्र पाठवलं. नवे रुग्ण घेणं थांबलं. जे घेत होते त्यांना फोन गेले: गोळी थांबवा, पाणी प्या, रक्त द्यायला या. डॉक्टरीणबाई आणि दोन परिचारिका तीन दिवस फोनच करत होत्या. बहुतेकजण ठीक निघाले. कार्यालयात बसणारे, घरात बसणारे, हाताशी पाण्याची बाटली असलेले. अकरा जणांचा आकडा वाढलेला होता. एक भट्टीवर काम करणारा, एक दिवसभर वाहन चालवणारी, एक रस्त्यावर फळं विकणारा. त्या यादीकडे बघताना मला वाटलं, प्रयोग मांडताना या लोकांच्या दुपारचा विचार आमच्यातल्या कुणी केलाच नव्हता. सगळे रुग्ण, पण वेगवेगळ्या भांड्यांतली शितं.

त्या अकरांपैकी किती जणांना औषध होतं ते प्रयोगावर देखरेख ठेवणाऱ्या बाहेरच्या समितीला ठाऊक आहे. आम्हाला नाही. समितीने एवढंच कळवलं की उंदरांवरचा प्रयोग पुन्हा करा, या वेळी उकाड्यात.

*

आक्का सतराव्या दिवशी घरी आल्या. आकडा दोन पूर्णांक चारपर्यंत उतरला आणि तिथेच अडून राहिला. आता त्यांना पाणीही मोजून प्यावं लागतं, जास्त नाही आणि कमीही नाही. दुकान बंद आहे. मी डगले घेऊन गेले नाही, नुसती भेटायला गेले, तेव्हा त्या वरच्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या आणि मामा बशीत पाव भिजवत होते.

"बघ," आक्का म्हणाल्या, "उंदरांचा अनुभव कामी येतोय त्याला."

मामा हसले नाहीत. पावात किती पाणी गेलं ते त्यांनी भिंतीवरच्या कागदावर लिहिलं. त्या कागदावर त्यांनी चार रकाने आखले होते. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद होता.

सरांनी मामांना काढलं नाही. चौकशी चालू आहे. निकाल निवृत्तीच्या आधी लागतो की नंतर, कुणाला माहीत नाही. नव्या प्रयोगाला दुसरा माणूस मिळतोय का ते सरांनी पाहिलं, पण उंदराच्या पाठीची कमान पहिल्याच दिवशी ओळखणारा दुसरा कुणी नव्हता. म्हणून काम मामांनाच दिलं, या वेळी अटी घालून. कुठल्या पिंजऱ्याला औषध आणि कुठल्याला नुसतं पाणी ते त्यांना सांगायचं नाही. औषध वरून येईल, डब्यांवर फक्त खुणा असतील. काहीही भिजवायचं नाही. एखाद्या उंदराची स्थिती ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की मला बोलवायचं; मग त्याला त्रास न होता झोपवलं जाईल आणि त्याचं मूत्रपिंड काढून ठेवलं जाईल. पाण्याच्या रकान्यात बाटलीचं पाणी, आणि बाटलीबाहेरचा एक थेंबही दिला तर तोही.

पहिला आठवडा मामा नेहमीसारखे होते. दुसऱ्या आठवड्यात खोलीचं तापमान ठरल्याप्रमाणे वाढवलं आणि ते बोलेनासे झाले. जिन्यात भेटले तरी आज काय मेलं असं विचारेनात. कांड्यांची पिशवी आणि पाण्याचं पिंप यांच्यामधून जाताना ते हात पाठीमागे बांधून जायचे. मी एकदा ते पाहिलं आणि मान फिरवली.

अकराव्या दिवशी दुपारी खालून फोन आला. "ये," एवढंच म्हणाले.

मी गेले. खोली तापलेली होती आणि भुशाचा वास गच्च झाला होता. बारा पिंजरे, प्रत्येकावर एकेक खूण. मामा नवव्यासमोर उभे होते. त्यातले दोन उंदीर बाटलीशी होते. तिसरा कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे, पाठ वाकलेली, पुढचे पाय छातीशी.

"मर्यादा झाली?" मी विचारलं.

"अजून नाही. वजन अजून धरून आहे. उद्यापर्यंत जाईल."

त्यांनी रजिस्टर पुढे केलं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं ते बाहेर समासापर्यंत गेलं होतं: वाकून बसला आहे, हाक मारल्यावर मान उशिरा वळवतो.

उंदराला हाक कोण मारतं, असं मी विचारलं नाही.

"डब्यावरची खूण काय म्हणते ते तुला माहीत असेल," मामा म्हणाले.

"नाही मामा. ते मलाही सांगितलेलं नाही."

"बरं केलं."

हात पाठीमागे तसेच बांधलेले ठेवून, पिंजऱ्यावरची नजर न काढता, त्यांनी विचारलं, "याचं उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी मिळेल. पण आक्काला काय होतं गं त्या गोळीत?"